बॅकअप? आरामात दोन-तीन तास!

जुना लॅपटॉप घेताना बाकी सगळं डोळ्यांना दिसतं. कोपऱ्यात पोचा आलाय का, स्क्रीनवर डाग आहे का, कीबोर्डवरची अक्षरं घासून गेलीत का, बिजागरी करकरते का... बॅटरी मात्र आत, आणि तिच्याबद्दल सांगणार कोण, तर विकणारा! त्याला विचारा "बॅकअप किती देतो?", उत्तर ठरलेलं, "आरामात दोन-तीन तास". आता हा आराम नक्की कोणाचा ते काही कळत नाही. ब्राइटनेस इतका कमी की स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतंय, वायफाय बंद, आणि आपण कशालाही हात न लावता समोर नुसते बसलोय, अशा अवस्थेतले दोन-तीन तास असावेत बहुतेक.

भाचीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली आणि ताईचा फोन आला, "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं, तू जा तिच्याबरोबर." मला कॉम्प्युटरमधलं कळतं हा समज मी त्यांचा प्रिंटर बंद करून परत चालू केला तेव्हापासून आहे आणि तो मी कधी मोडलेला नाही. मागून दाजींचा आवाज आला, "बॅटरी-बिटरी बघत बसू नका, घरी चार्जर लावूनच वापरायचाय." दाजींचा मोबाईलही बारा महिने चोवीस तास चार्जरलाच असतो, त्याला मोबाईल का म्हणायचं हा वेगळा विषय.

तर आम्ही मुंबईतल्या कॉम्प्युटरच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला. कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून तो पत्ता विचारलात तर समोरचा म्हणणार, म्हणजे लॅमिंग्टनच ना. इथल्या जुन्या लॅपटॉपमधले बरेचसे मोठ्या कंपन्यांचे लीज संपलेले, धुऊनपुसून स्टिकर काढलेले. दुकानदाराने पहिलाच उघडून दाखवला, कोपऱ्यात बॅटरी शंभर टक्के. "बघा, फुल्ल!" आता शंभर टक्के म्हणजे आंब्याच्या पेटीचा वरचा थर. बॅटरीत आज जेवढी जागा उरलीय ती शंभर टक्के भरलीय एवढाच त्याचा अर्थ, मुळात जागा किती होती आणि उरली किती हे तो आकडा सांगतच नाही.

म्हणून मी कमांड प्रॉम्प्ट उघडला, म्हणजे विंडोजला टाइप करून हुकूम सोडायची खिडकी. काळी खिडकी दिसली की दुकानदारांना का कोण जाणे घाम फुटतो. "साहेब, फॉरमॅट नका मारू!" मी म्हटलं काही नाही हो, फक्त पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट. एंटर मारलं की विंडोज स्वतःच एक रिपोर्ट बनवतं आणि तो कुठे ठेवलाय त्याचा लांबलचक पत्ता देतं, तो ब्राउझरमध्ये उघडायचा. ब्राउझरने आधी लॉगिन करता का विचारलं, मग थीम कुठली हवी विचारलं, दुकानदार घड्याळाकडे बघतोय, भाची "मामा, तो क्रॉस दाब" म्हणतेय, शेवटी एकदाचा रिपोर्ट उघडला. त्यात दोन ओळी महत्त्वाच्या, डिझाईन कपॅसिटी म्हणजे कारखान्यातून निघताना ठरलेली, आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आजची. पहिली ४२,०००, दुसरी १८,५००. एककाचं नाव मिलिवॉट-अवर, पण ते सोडा, भागाकार करा, ४४ टक्के!

दुकानदार जराही न डगमगता म्हणाला, "साहेब, सायकल काउंट बघा ना, फक्त ३८! कंपनीने वापरलाच नाय." भाचीने माझ्याकडे बघितलं, कारण मॅकबुकची बॅटरी १००० सायकलसाठी बनवलेली असते हे ती घरून वाचून आलेली. तिच्या हिशोबाने ३८ म्हणजे अजून बारसंही झालेलं नाही. पण सायकल म्हणजे काय, तर शंभर टक्क्यांइतका वापर, आज पन्नास आणि उद्या पन्नास वापरले की एक. हा बिचारा पाच वर्षं ऑफिसच्या टेबलावर चार्जरला टांगलेला, कायम शंभर टक्के भरलेला आणि कायम गरम, तर सायकल होणार कशी? लिथियमची बॅटरी वापरून झिजते तशी न वापरताही झिजते, आणि भरल्या पोटी उन्हाळ्यात बसवून ठेवली तर जरा जास्तच. तिच्यावरच्या कामासाठी २०१९ साली तिघांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, त्यातले गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. ते ९७ व्या वर्षी चालू, आणि बॅटरी पाचव्या वर्षी ४४ टक्के.

दुसऱ्या लॅपटॉपचा टचपॅड एका बाजूने वर आलेला आणि टेबलावर ठेवला की खालून डुगडुगायचा. "हे मॉडेलच तसंय, क्लिक चांगला बसतो." क्लिक चांगला बसणारच, खालून बॅटरी फुगून त्याला ढकलतेय! अशी फुगलेली बॅटरी फुकट दिली तरी घेऊ नये, आणि दाबून तर अजिबात बघू नये. दुकानदार नेमका दाबून दाखवत होता. मी भाचीचा हात धरून दोन पावलं मागे.

तिसऱ्यात दोन्ही आकडे शेवटच्या शून्यापर्यंत अगदी सारखे, सायकल शून्य. खऱ्या बॅटऱ्या अशा आज्ञाधारक सहसा नसतात, नव्या असल्या तरी थोडं इकडेतिकडे असतंच. "नवीन टाकलीय साहेब." कुठली? "कंपनीसारखीच."

चौथा मात्र भाचीला आवडला. थिंकपॅड टी४८०, त्यात बॅटऱ्या दोन, एक आत बसवलेली आणि एक मागून काढता येणारी. दुकानदाराने बाहेरचीच काढून मिरवली. रिपोर्टमध्ये मात्र दोन रकाने, बाहेरची ४८ हजारांची ४१ वर म्हणजे ठणठणीत, आतली २४ हजारांची १३ वर. मी म्हटलं चार्जर काढा, ब्राइटनेस फुल्ल करा, बॅटरी सेव्हर बंद, आणि अर्धा तास व्हिडिओ लावा. आकडा हळूहळू उतरला तर ठीक, चाळीसवरून एकदम सातवर उडी मारली तर नमस्कार करून निघायचं. दुकानदार म्हणाला एवढा वेळ कोण थांबतं? मग भाचीने मिसळीचा व्हिडिओ लावला आणि सगळेच थांबले. चहावाला पोऱ्या थांबला, शेजारचा प्रिंटरवाला आला, कट कसा लालभडक हवा यावर वाद पेटला, दुकानदाराचं मत की पुण्यात जी मिळते ती मिसळच नव्हे, आणि मी एकटा त्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे डोळे लावून. अर्ध्या तासात शंभरचे ८९ झाले, म्हणजे चारेक तास तरी नक्की. "मी आरामात दोन-तीन सांगितले होते," दुकानदार जरा दुखावूनच म्हणाला. आतली बॅटरी बदलायला लागेल म्हणून मी दोन हजार कमी मागितले, तो हजारावर अडला, बाराशेवर पटलं आणि वर एक माऊस आला.

घरी आल्यावर मी सेटिंगमध्ये जाऊन ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबेल असं करून ठेवलं, म्हटलं निदान हा तरी शंभरवर शिजत बसायला नको. आठवड्याने ताईचा फोन. लॅपटॉप ८० च्या वर जातच नव्हता म्हणे, मामाला गंडवलं असं घरात ठरलं आणि दाजी तो कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याकडे घेऊन गेले. त्याने दोन मिनिटांत बॅटरी दुरुस्त केली, अडीचशे घेतले, आता मस्त शंभर होते. आणि परत कमी व्हायला नको म्हणून दाजींनी चार्जर काढलेलाच नाही.