लिफ्टच्या दारातला लिटल इंडिया

तिसऱ्या मजल्यावरचे काका सिंगापूरहून परत आलेत आणि तिथल्या लिटल इंडियाबद्दल, म्हणजे भारतीय वस्तीबद्दल, काल त्यांनी मला लिफ्टच्या दारात धारेवर धरलं. जणू तो भाग मीच वसवला.

माझा गुन्हा एवढाच की जायच्या आधी त्यांना कागद लिहून दिला. पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत सिंगापूरला निघालेला प्रत्येक जण तो मागून नेतो. मेट्रोची, म्हणजे तिथल्या एमआरटीची, जांभळी लाइन पकडा. टेक्का सेंटरसाठी लिटल इंडिया स्टेशन, मुस्तफा या मोठ्या दुकानासाठी पुढचं फॅरर पार्क. टेक्काचा भाजी-मासळी बाजार सकाळीच बघा. मुस्तफात शिरताना पिशवीचं तोंड प्लास्टिकच्या पट्टीने बांधतात, तेव्हा चष्मा आणि पाण्याची बाटली आधीच बाहेर काढा. प्राट्याबरोबरचा (प्राटा म्हणजे तिथला पराठा) रस्सा बहुतेक वेळा माशाचा किंवा मटणाचा असतो, डाळ आधी मागून घ्या. आणि खाली दोन रेघा मारून: रविवारी संध्याकाळी जाऊ नका.

काका रविवारी संध्याकाळी गेले.

"अगं, काय ती गर्दी!" लिफ्टच्या दारात एक पाय रोवून ते म्हणाले. दार येऊन त्यांच्या चपलेवर आपटायचं, मागे जायचं, पुन्हा यायचं. "जिकडे बघावं तिकडे आपलीच माणसं! हेच बघायचं तर ठाणे स्टेशन काय वाईट होतं?"

"म्हणूनच रविवार नको लिहिलं होतं, काका."

"आणि आपलं माणूस म्हणशील तर औषधाला नाही! सगळा तमिळ कारभार. मिसळ कुठे मिळेल विचारलं तर एकाने इडली दाखवली."

वरून कोणीतरी "लिफ्ट!" म्हणून ओरडलं. काकांनी पाय हलवला नाही.

आता लिफ्टमध्ये उभं राहून मी काय सांगणार? सिंगापूरच्या चार अधिकृत भाषांत तमिळ आहे. तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांत बहुसंख्य तमिळच. सेरंगून रोडवरचं कोमला विलास 1947 पासून डोसे घालतंय, ते काही ठाणेकरांची वाट बघत नव्हतं. पण काकांना भारत हवा होता तो नौपाड्याएवढा, आणि तोही गर्दीशिवाय.

"आणि जेवल्यावर ताट आपणच उचलून ठेवायचं! अडुसष्टाव्या वर्षी!"

हा नियमच आहे. 2021 पासून तिथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या मंडईत, ट्रे उचलून रॅकवर ठेवावा लागतो, हलाल ट्रेचा रॅक वेगळा. पहिल्यांदा चुकलात तर लेखी समज, नंतर तीनशे डॉलर दंड. मी हे सांगणार, तेवढ्यात मागून काकू आल्या.

"घरी बेचाळीस वर्षांत वाटी उचलली नाही. तिथे मुकाट्याने उचललं. मी व्हिडिओ काढलाय."

काकांनी तेवढ्यापुरता पाय काढला. दार लागायला आलं, तसा पुन्हा घातला.

काकांचं ते गर्दीबद्दलचं बोलणं मात्र मला अजून खुपतंय. रविवारी तिथे जमतात ते मुख्यतः बांधकामावरचे आणि जहाजांच्या गोदीतले मजूर, तमिळनाडूचे, बांगलादेशचे. आठवड्यातली ती एक सुट्टी. घरी पैसे पाठवायचे, केस कापायचे, गाववाल्यांशी चार शब्द बोलायचे. 2013 साली तिथे दंगल झाली. त्यानंतर, 2015 पासून, शनिवारी सकाळी सात ते सोमवारी सकाळी सात तिथे उघड्यावर दारू प्यायला बंदी आहे. अशाच हातांनी बांधलेल्या हॉटेलात उतरून आमच्या काकांना त्या माणसांचा त्रास झाला. घोडबंदर रोडचे टॉवर बांधणारे एखाद्या रविवारी तलावपाळीला फिरायला आले तर तिथेही आपण नाकं मुरडतोच.

हे मी बोलले नाही. लिफ्ट अडली होती.

"बरं, ते जीएसटी परत मिळतं लिहिलं होतंस ना? हे घे." त्यांनी खिशातून तीन बिलं काढली. तीन वेगवेगळ्या दिवसांची, एकही शंभर डॉलरचं नाही. एकाच दुकानाची, एकाच दिवसाची तीनपर्यंत बिलं मिळून शंभर व्हावी लागतात, दुकानात पासपोर्ट दाखवावा लागतो, आणि दावा करायचा तो विमानतळावर, देश सोडायच्या आत. हे सगळं कागदावर होतं.

"कागद कुठेय, काका?"

"बामच्या बाटल्यांना गुंडाळला. गळत होत्या."

मग त्यांनी पाय काढला. बिलं माझ्याच हातात राहिली, आणि सातव्या मजल्यावरच्या वहिनी वर माझ्यावरच खेकसल्या.