‘बाण लागताच धावा’ सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये संध्याकाळी पावणेसातला माझ्या भाच्याचा फोन आला. “मामा, बाण लागलाय, पण हरीण सापडत नाही आणि रक्तही संपलंय,” एवढे बोलून तो थांबला. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ऑक्टोबर म्हणजे धनुष्यबाणाच्या शिकारीचा हंगाम, आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी एकट्याने मचाणावर बसण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. मी पोहोचलो तेव्हा तो आणि त्याचा मित्र बॅटऱ्या घेऊन पाचोळा तुडवत हिंडत होते. बाण सोडल्यावर किती वेळाने खाली उतरलास, या माझ्या पहिल्याच प्रश्नाला त्याने “लगेच” असे उत्तर दिले आणि तसे का केले हे सांगण्यासाठी मोबाइलमधला एक संदेश माझ्यापुढे धरला.

तो संदेश मला नवा नव्हता. ‘जखमी हरीण हमखास सापडण्याचे सात नियम’ नावाचा हा मूळचा इंग्रजी मजकूर कोणीतरी मराठीत उतरवला आहे आणि इथल्या आपल्या लोकांच्या गटांत तो दर हंगामात नव्याने फिरतो. त्यातले नियम थोडक्यात असे: बाण लागताच मागे धावा, हरीण शंभर पावलांपलीकडे पळाले तर वार वरवरचा समजा, रक्त दिसले नाही तर बाण चुकला, अंधारात जांभळ्या प्रकाशाची बॅटरी वापरा, रक्त चमकते, जखमी हरीण नेहमी उताराने पाण्याकडेच जाते, शंकास्पद डागावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाका, फेस आला तर ते रक्तच, आणि आधुनिक धनुष्य नीट चालवणाऱ्याचे हरीण हरवत नाही, त्यामुळे कुत्र्यांचा विचारही करू नका, ते बेकायदा आहे. शिकार करावी की करू नये हा वाद मी येथे काढत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिच्यावर बंदी आहे, इथे ती परवाना घेऊन करता येते. ज्याने बाण सोडला त्याने त्या जनावराचा शेवटपर्यंत शोध घेतला पाहिजे, याबद्दल मात्र शिकारी आणि शिकारविरोधक यांच्यातही दुमत नसावे, आणि नेमके तिथेच हा संदेश माणसाला चुकीच्या वाटेला लावतो.

पहिल्या नियमाचे शब्द असे आहेत: ‘हरीण गोंधळलेले असतानाच गाठा, उशीर केलात तर ते दूर जाते आणि मांस नासते.’ याहून उलटा सल्ला शोधून सापडणार नाही. बाण गोळीसारखा धक्क्याने लोळवत नाही; त्याच्या टोकाची रुंद, धारदार पाती आत कापत जातात आणि हरीण मरते ते रक्तस्रावाने. हरणाच्या अंगात वजनाच्या साधारण ६ ते ८ टक्के रक्त असते, म्हणजे ६८ किलोच्या नरात चार ते साडेपाच लिटर, आणि ढोबळमानाने त्याचा तिसरा हिस्सा गेल्याशिवाय जनावर कोसळत नाही. तो हिस्सा जायला किती वेळ लागेल, हे सर्वस्वी बाण कुठे लागला यावर ठरते. दोन्ही फुप्फुसे फाटली असतील तर काही सेकंद पुरतात, यकृताला लागला असेल तर काही तास जातात, आणि कोठ्यात किंवा आतड्यांत लागला असेल तर रक्तस्राव फारसा होतच नाही, हरीण सावकाश, आतल्या आत मरते. म्हणूनच जाणते शिकारी फुप्फुसाच्या वारानंतर किमान अर्धा तास, यकृताच्या वारानंतर चार ते सहा तास आणि पोटातल्या वारानंतर आठ ते बारा तास थांबतात.

थांबण्यामागचे कारण अगदी साधे आहे. आपल्याला काय झाले हे हरणाला कळलेले नसते. मागे कोणी लागले नाही तर पोटात बाण घेतलेले हरीण बहुधा शंभर-दोनशे मीटरवरच्या दाट झाडोऱ्यात जाऊन बसते आणि पुष्कळदा तिथेच मरते. तेच हरीण तुम्ही उठवलेत तर ते जिवाच्या आकांताने किलोमीटरभरही जाऊ शकते, आणि पळताना चरबी किंवा आतड्याचा तुकडा जखमेच्या तोंडात अडकला की जमिनीवर पडणारे उरलेसुरले रक्तही थांबते. म्हणजे ज्या कारणासाठी हा संदेश धावायला सांगतो, तेच संकट धावल्याने ओढवते.

भाच्याच्या बाबतीत तर सगळी चिन्हे समोर होती. आरपार गेलेला बाण त्याने जमिनीतून उपटून बाजूला ठेवला होता. मी तो बॅटरीखाली धरला तेव्हा पिसांवर हिरवट तपकिरी चिकटा होता, त्याला आंबट दर्प येत होता आणि रक्त जवळजवळ नव्हते. जिथे वार झाला तिथे पाचोळ्यावर पाच-सहा पांढरे, राठ केस पडले होते. असे केस छातीच्या वरच्या भागात नसतात, ते पोटाखालचे असतात. बाण लागल्यावर हरीण कसे गेले, असे विचारले तेव्हा त्याने सगळे नीट आठवून सांगितले: पाठीची कमान केली, शेपूट पाडली आणि चालत निघून गेले. छातीत बाण घेतलेले हरीण बहुतेक वेळा मागचे पाय झाडून उधळते. पाठ वाकवून चालू लागलेले हरीण म्हणजे पोटातला वार, हे मचाणावर बसणाऱ्याला पहिल्या दिवशी शिकवायला हवे. त्याने पाहिले होते, त्याच्या लक्षातही राहिले होते, पण संदेशाने त्याला पाहिलेल्याचा अर्थ लावायला वेळच दिला नव्हता. मचाणापासून ऐंशी पावलांवर हरणाने बसायला दाबलेली पाचोळ्याची बैठक होती, तिच्यात तळहाताएवढा काळपट ओला डाग होता, आणि पुढच्या चिखलात खूर खोल रुतून फाकलेले दिसत होते. तिथून ते उठून पळाले होते. भाच्याने काटक्या मोडल्याचा आवाजही ऐकला होता. त्यापुढे रक्ताचा एक थेंब नव्हता.

मांस नासण्याच्या मुद्द्यात तथ्य आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. ऑक्टोबरची रात्र उबदार असेल आणि कोठा फुटलेला असेल तर सकाळपर्यंत मांस वाया जाऊ शकते. भागात कोल्ह्यासारखे कायोटी असतील तर ते आपल्याआधी पोहोचू शकतात. आणि पाऊस येऊ घातला असेल तर रक्ताचा माग धुऊन जाईल ही भीतीही खोटी नाही. अशा वेळी किती थांबायचे हा अनुभवी माणसालाही पडणारा प्रश्न आहे, पण त्या अडचणीतून ‘बाण लागताच धावा’ असा सरसकट नियम निघत नाही. हरीण हातचे गेले तर मांस चांगले राहिले की नासले, हा प्रश्नच उरत नाही.

दुसऱ्या नियमाचा निकाल साध्या गुणाकाराने लागतो. हे हरीण ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने पळू शकते, म्हणजे सेकंदाला सुमारे चौदा मीटर. दोन्ही फुप्फुसे फाटलेले हरीण दहा सेकंद जरी पायावर राहिले तरी ते १४० मीटरवर जाऊन पडेल. शंभर पावलांवर शोध सोडून देणारा माणूस उत्तम वाराने मेलेले हरीण जंगलात सोडून घरी जाईल.

तिसरा नियम, रक्त नाही म्हणजे बाण चुकला, हा मला पहिल्याइतकाच घातक वाटतो, कारण तो शोध सुरूच होऊ देत नाही. मचाणावरून सोडलेला बाण वरून खाली जातो. तो फासळ्यांच्या वरच्या भागात शिरला आणि खालच्या बाजूने बाहेर पडला नाही, तर रक्त छातीच्या पोकळीत साठत राहते आणि भोकाच्या पातळीपर्यंत येईतो बाहेर पडत नाही. त्यात पळताना कातडी सरकून भोकावर येते, दाट केस थोडेफार रक्त शोषून घेतात. परिणामी पहिला थेंब तीस-चाळीस पावलांपुढे मिळणे मुळीच नवलाचे नाही. म्हणून आधी बाण शोधायचा, तो हुंगायचा, बोटाने चाचपायचा, आणि हरीण उभे होते ती जागा गुडघ्यावर बसून पाहायची. रक्त फक्त जमिनीवरच असते असेही नाही; ते गवताच्या पात्यांवर, झुडपांच्या बुंध्यांवर हरणाच्या बरगड्यांच्या उंचीला आणि उलटलेल्या पानांच्या खालच्या बाजूला लागलेले असते. इथल्या ऑक्टोबरात मेपलच्या पानांवर नैसर्गिकरीत्याच तांबडे ठिपके असतात आणि बॅटरीच्या प्रकाशात ते हुबेहूब रक्तासारखे दिसतात. ओल्या पांढऱ्या कागदी रुमालाने ठिपका पुसावा. रक्त उतरते, पानाचा रंग जागचा हलत नाही. त्याच रुमालाचे तुकडे प्रत्येक थेंबापाशी ठेवत गेले तर मागे वळून पाहताना हरणाची दिशा आपोआप दिसते. रंगही वाचायला हवा: बारीक बुडबुड्यांचे गुलाबी रक्त फुप्फुसाचे, गडद तपकिरीकडे झुकणारे यकृताचे, आणि सुरुवातीला भरपूर सांडून पुढे विरळ होत जाणारे लालभडक रक्त बहुधा स्नायूचे.

जांभळ्या प्रकाशाच्या बॅटरीवर अधिक शब्द खर्च करण्याची गरज नाही. त्या प्रकाशात रक्त चमकत नाही, उलट ते तो प्रकाश शोषून घेते आणि काळे दिसते. गुन्ह्यांच्या मालिकांमध्ये निळे चमकताना दिसते ते ल्युमिनॉल नावाच्या रसायनामुळे, हिमोग्लोबिनमधल्या लोहाशी होणाऱ्या क्रियेने, बॅटरीने नव्हे. साधी, प्रखर पांढरी बॅटरी पुरते.

पाण्याचा मुद्दा अर्धवट खरा आहे. पोटात बाण लागलेली हरणे ओढ्याकाठी सापडल्याचे अनेक जुने शिकारी सांगतात आणि माग संपल्यावर आधी पाण्याच्या जागा पाहाव्यात हे योग्यच. पण ‘नेहमी’ आणि ‘उताराने’ हे दोन शब्द संदेशकर्त्याने स्वतःच्या पदरचे घातले आहेत. भाच्याचे हरीण बैठकीतून उठून सरळ चढावर गेले होते. पेरॉक्साइडचेही तसेच आहे. रक्तातल्या कॅटलेज नावाच्या विकरामुळे फेस येतो हे खरे, मात्र ते विकर वनस्पतींच्या पेशींतही असते, कापलेल्या बटाट्यावरही फेस येतो. तेव्हा फेस आला नाही तर डाग बहुधा रक्ताचा नाही, इतके म्हणता येते. आला म्हणून ते रक्तच, असे म्हणता येत नाही.

आता सातवा नियम, ज्यात अहंकार आणि जुनी माहिती एकत्र आली आहे. कुशल माणसाचे हरीण हरवत नाही, या म्हणण्याला मेरीलँडमधल्या इंडियन हेड येथील नौदलाच्या तळावरचा अभ्यास पुरेसे उत्तर आहे. तिथे १९८९ ते २००६ या काळात कंपाउंड (चाकांवरून दोरी ओढण्याचे आधुनिक) धनुष्य आणि क्रॉसबो (बंदुकीसारखा घोडा ओढून बाण सोडणारे धनुष्य) वापरणाऱ्या शिकाऱ्यांची नोंद ठेवली गेली. हे हवशे-गवशे नव्हते, त्यांना आधी नेमबाजीची चाचणी द्यावी लागत होती. तरीही बाण लागलेल्या हरणांपैकी सुमारे १८ टक्के हरणे सापडली नाहीत. जवळजवळ दर साडेपाच हरणांमागे एक. हा आकडा पाहून ‘बघा, निम्मी हरणे तडफडून मरतात’ असे म्हणणाऱ्यांनाही आधार मिळत नाही, कारण न सापडलेले प्रत्येक हरीण मेलेले नसते. ओक्लाहोमात गळ्यात रेडिओ पट्टे बांधलेल्या नरांवर झालेल्या अभ्यासात न सापडलेल्यांपैकी बहुतेक नर पुढे जिवंत आढळले. पण चाचणी उत्तीर्ण झालेल्यांची ही स्थिती असेल, तर पहिल्या हंगामातल्या मुलाला ‘नीट चालवलेस तर हरवणार नाही’ असे सांगणे म्हणजे हरीण न सापडल्यावर मदत मागायची त्याला लाज वाटेल अशी व्यवस्था करणे आहे. भाच्याने मला फोन करायला पाऊण तास घेतला, त्याचे कारण त्याने स्वतःच मला हे सांगितले.

आणि कुत्रे बेकायदा असल्याची थाप तर किमान इथे तरी कधीच शिळी झाली आहे. पेनसिल्व्हेनियात २०१८ पासून जखमी हरणाचा माग काढण्यासाठी पट्ट्याला बांधलेले कुत्रे वापरायला परवानगी आहे, न्यूयॉर्कमध्ये ती त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा असल्याने तो त्या-त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेत पाहावा लागतो, एवढेच. कुत्र्याला रक्ताचीही गरज नसते. हरणाच्या खुरांच्या बेचक्यात गंधग्रंथी असतात आणि घाबरलेल्या, जखमी हरणाचा वास त्या प्रत्येक पावलागणिक जमिनीवर सोडत जातात, म्हणून रक्त संपले तरी शिकवलेले कुत्रे बारा-पंधरा तासांनंतरही त्या एकाच हरणाच्या मागावर राहू शकते. मात्र त्यासाठी माग तुडवलेला नसावा. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला एक गृहस्थ त्यांची राठ केसांची डॅशहाउंड कुत्री घेऊन आले. तिने बैठकीपासून चढावर, मग टेकडीच्या कडेने सुमारे सातशे मीटर नेले आणि शेजारच्या जमिनीच्या हद्दीवरच्या जांभळा रंग मारलेल्या झाडांपाशी आम्ही थांबलो. इथे तो रंग म्हणजे ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ ही कायदेशीर पाटीच असते, जखमी हरणाच्या मागे आलो ही सबब चालत नाही, आणि मालक दुपारपर्यंत भेटले नाहीत. संध्याकाळी त्यांनी परवानगी दिली तोपर्यंत जोरदार पाऊस होऊन गेला होता. हरीण सापडले नाही.

त्या गृहस्थांनी सकाळी गाडीतून उतरताच, कुत्रीचा पट्टा हातात घेण्याआधी, एकच प्रश्न विचारला होता: काल रात्री बैठकीच्या आसपास किती माणसे फिरली? भाच्याने माझ्याकडे पाहिले. उत्तर तीन होते, आणि तिसरा मी होतो.