पुडा अडकतच नाही असं धरून युज केस कशी लिहावी

काचेपलीकडे पुडा स्प्रिंगच्या शेवटच्या वेढ्याला लोंबकळतोय. खालचा ट्रे रिकामा, पैसे कापले गेलेत आणि स्क्रीनवर झळकतंय, ‘धन्यवाद! पुन्हा या.’ व्हेंडिंग मशीनपुढचं हे दृश्य सहज जमत नाही. त्यामागे कुणाची तरी मेहनत असते, सह्या झालेलं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट असतं, आणि त्यात युज केस असते, म्हणजे मशीन वापरून कुणी आपलं काम कसं साधतो याचं पायरीपायरीने केलेलं वर्णन. तुम्हालाही असं काही घडवायचं असेल, तर पुढच्या सूचना नीट पाळा.

सुरुवात चित्रापासून करा. डावीकडे काडीमाणूस, मधे चौकोन, चौकोनात लंबगोल. जितके लंबगोल जास्त तितकं काम मोठं दिसतं, म्हणून ‘नाणं टाकणे’, ‘बटण दाबणे’, ‘मोटर फिरवणे’ अशा एकेका हालचालीला स्वतंत्र युज केसचा मान द्या. नाणं टाकून कुणी समाधानाने घरी गेल्याचं ऐकिवात नाही. माणूस वस्तू घ्यायला आलेला असतो आणि ‘वस्तू विकत घेणे’ एवढी एकच युज केस त्याला पुरते. पण तेवढ्याने पानं कशी भरणार? मग ‘इन्क्लूड’चा, म्हणजे एका केसमध्ये दुसरी सामावते असं सांगणारा, बाण कुठून कुठे जातो यावर एक मीटिंग घ्या. मूळ युज केसकडून समाविष्ट केसकडे, आणि ‘एक्स्टेंड’चा, म्हणजे प्रसंगी जोडली जाणारी केस दाखवणारा, बरोबर उलटा, वाढीव केसकडून मुळाकडे, हे एका वाक्यात सांगता येतं. तरीही मीटिंग घ्याच.

ॲक्टर, म्हणजे मशीनशी बाहेरून व्यवहार करणारा, एकच ठेवा: ‘युजर’. मशीनमध्ये माल भरणारा, पेटीतली रोकड नेणारा, किंमती बदलणारा, बिघाड झाल्यावर धावत येणारा, ही सगळी मंडळी अदृश्य समजा. स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमधलं अंतर पुड्याच्या जाडीला साजेसं नसेल तर पुडा अडकतो, हे भरणाऱ्याला ठाऊक असतं. त्याच्या युज केसमध्ये ‘नवी वस्तू लावल्यावर ती रांग एकदा फिरवून बघणे’ अशी एक पायरी असती तर निम्मी लोंबकळ तिथेच संपली असती. पण त्याची युज केसच नाही. तो चित्रात नाही म्हणजे जगातही नाही.

पूर्वअटीत लिहा, ‘मशीन चालू असावे.’ झालं.

‘निळ्या गोल बटणावर क्लिक करतो’ असं जरूर लिहा. बटण हिरवं झालं की अख्खं डॉक्युमेंट खोटं पडेल, म्हणजे पुढच्या आवृत्तीचं कामही तुम्हालाच.

चुकीच्या नोंदीसाठी, ‘योग्य तो मेसेज दाखवावा.’ योग्य कोणता, ते डेव्हलपर रात्री दोन वाजता ठरवेल.

आता मुख्य प्रवाह. तो सात पायऱ्यांचा आणि गुळगुळीत हवा. १. ग्राहक वस्तूचा क्रमांक दाबतो. २. मशीन किंमत दाखवतं. ३. ग्राहक पैसे देतो. ४. मशीन पैसे स्वीकारतं. ५. मशीन मोटर फिरवतं. ६. वस्तू खाली पडते. ७. मशीन आभार मानतं.

सहावी पायरी परत वाचा. वाक्याचा कर्ता कोण? वस्तू. ती ॲक्टरही नाही आणि मशीनही नाही. प्रत्येक पायरीत कुणीतरी काहीतरी करायला हवं, एवढा एक नियम पाळला असता तर हे वाक्य ‘वस्तू पडल्याची मशीन खात्री करतं’ असं झालं असतं, आणि लिहिता लिहिताच प्रश्न पडला असता: खात्री झाली नाही तर? तुम्ही ते काम गुरुत्वाकर्षणावर सोपवून मोकळे झालात. गुरुत्वाकर्षणाने कुठल्याही डॉक्युमेंटवर सही केलेली नाही.

ट्रेच्या वर अदृश्य किरणांचा सेन्सर बसवता येतो; पडणारी वस्तू किरण तोडते आणि मशीनला कळतं. म्हणजे सहाव्या पायरीला ६अ हा फाटा लिहिता येतो: ठरलेल्या सेकंदांत किरण तुटला नाही. ६अ१, मशीन मोटर आणखी थोडी फिरवतं. ६अ२, पुन्हा तपासतं. ६अ३, तरीही नाही, तर पैसे परत करतं. ६अ४, ती रांग विक्रीतून बंद करतं. ६अ५, देखभाल करणाऱ्यासाठी नोंद ठेवतं. पाच ओळी! त्या लिहायला बसलात की पुढचे प्रश्न आपोआप अंगावर येतात. जास्त फिरवल्यावर दोन पुडे पडले तर नुकसान कुणाचं? हे क्लायंटने ठरवायचं, पण विचारायचं तुम्ही. आणि पैसे परत करायचे ते कुठून? साधा नोट तपासणारा भाग नोट क्षणभर तोंडाशी धरून ठेवू शकतो; तिथून ती परत ढकलता येते. एकदा पेटीत पडली की येत नाही. मग परतावा नाण्यांच्या नळ्यांतून द्यावा लागतो, आणि नळ्यांत पुरेशी नाणी नसतील तर ती नोट तिसऱ्या पायरीलाच नाकारायला हवी होती. म्हणजे सहाव्या पायरीची चूक तिसऱ्या पायरीत निस्तरायची असते. तुमच्या चौथ्या पायरीत मात्र ‘पैसे स्वीकारतं’. कधी, कुठवर, परत न येण्याइतकं? काही नाही. वीज चौथ्या आणि सहाव्या पायरीच्या मधे गेली तर? तेही नाही. पुन्हा चालू झाल्यावर मशीन आधीचा व्यवहार विसरून हसतमुखाने ‘स्वागत’ म्हणणार.

कार्ड किंवा मोबाईलवरून पैसे घेताना तर ‘पेटीतली नोट परत येत नाही’ ही सबबही चालत नाही. या मशीनच्या भागांना जोडणाऱ्या एमडीबी या ठरलेल्या भाषेत मशीन आधी विक्रीची परवानगी मागतं, पैसे घेणारा भाग ती देतो, आणि वस्तू दिल्यावर मशीनने ‘विक्री झाली’ किंवा ‘विक्री फसली’ असं कळवायचं असतं, म्हणजे फसल्यास पैसे परत जातील. फसण्यासाठी वेगळा संदेश आहे! भाग बनवणाऱ्यांनी जागा राखून ठेवली, तुम्ही ती रिकामी सोडलीत.

आणि हे काही नव्याने उमगलेलं शहाणपण नाही. युज केसची कल्पना मांडणाऱ्या इव्हार जेकबसन यांच्या १९९२ सालच्या पुस्तकात उदाहरण म्हणून रिकाम्या बाटल्या आणि डबे परत घेणारं मशीन आहे. त्यात ‘वस्तू अडकली’ ही मूळ केसला जोडलेली वाढीव केस म्हणून दाखवली आहे. अडकलेली वस्तू! जे उदाहरण देऊन ही पद्धत शिकवली गेली, नेमकं तेच तुम्ही गाळता आणि वर टेम्प्लेटमधल्या ‘पर्यायी प्रवाह’ या मथळ्याखाली ‘लागू नाही’ लिहिता.

लागू नाही म्हणजे काय हो? सगळं सुरळीत झालं तर काय होतं ते सांगायला कुणाचीच गरज नव्हती, ते मशीनवरच्या स्टिकरवरही छापलेलं असतं. तुम्हाला पगार बिनसल्यावर काय करायचं ते लिहून ठेवण्याचा मिळतो. ते तुम्ही लिहिलं नाही, डेव्हलपरने विचारलं नाही, टेस्टरने तुमच्या सात पायऱ्या तपासून सातही हिरव्या केल्या, आणि काचेवर थापा मारतोय तो माणूस ज्याला तुम्ही ‘युजर’ म्हणता. कंटाळा केलात, बाकी काही नाही.

आजच ते डॉक्युमेंट उघडा. हमीच्या रकान्यात, म्हणजे काहीही बिनसलं तरी जे पाळलं जाईल ते लिहायच्या जागी, एक वाक्य घाला: ‘वस्तू मिळाल्याची खात्री झाली नाही, तर ग्राहकाचे पैसे मशीनकडे राहणार नाहीत.’ मग प्रत्येक पायरीवर बोट ठेवून बघा, हे वाक्य कुठे कुठे मोडतं, आणि तिथे तिथे फाटा लिहा. सातव्या पायरीतलं ‘धन्यवाद’ तोवर काढून ठेवा.