'शिक्कारि' आणि 'चान्तो' एक नाहीत

नमस्कार. तुमचं म्हणणं असं की जपानीतल्या 'शिक्कारि' आणि 'चान्तो' या दोन्हींचा अर्थ 'नीट' एवढाच, आणि मागच्या लेखात मी उगाच कीस पाडला. शिवाय असे शब्द म्हणजे पोरांची भाषा, कंपनीत वापरले तर हसं होईल.

'नीट' पुष्कळ ठिकाणी भागवून नेतं, हे खरं. पण आपलं 'नीट' फार ऐसपैस आहे. 'नीट धर' आणि 'नीट वाग' यांत आपल्याला एकच शब्द पुरतो, जपानी माणसाला पुरत नाही. तिकडे बसमध्ये उभ्या प्रवाशांसाठी सूचना असते: 'शिक्कारि ओत्सुकामारि कुदासाइ', घट्ट धरून उभे राहा. तिथे 'चान्तो' घातलं तर आई पोराला दटावतेय असं वाटेल. कारण 'चान्तो'त 'जसं करायला हवं तसं' हा हिशेब असतो, आणि तू तसं करत नाहीस हा ठपकाही डोकावतो. 'शिक्कारि'ला नियमाशी देणंघेणं नाही. डळमळायचं नाही, सैल पडायचं नाही, बस्स.

जेवणाचंच बघा. घरापासून लांब राहणाऱ्या मुलाला आई फोनवर विचारते, 'चान्तो ताबेतेरु?' म्हणजे वेळच्या वेळी, धड जेवतोस ना. सामन्याआधी खेळाडूला सांगतात, 'शिक्कारि ताबेते', भरपूर खा, ताकद हवी. मुलाखतीला शोभणारे कपडे ते 'चान्तो शिता फुकु', पण दणकट कापड 'शिक्कारि शिता किजि'. आणि कुणाला भोवळ आली तर शेजारचा माणूस त्याला धरून ओरडतो, 'शिक्कारि शिते!', सावर स्वतःला! तिथे 'चान्तो शिते!' म्हणालात तर त्याचा अर्थ होतो 'सरळ वाग!'

पोरकटपणाचा मुद्दा मला अजिबात मान्य नाही. कुत्र्याला 'वानवान' (आपलं भो-भो) म्हणणं ही बालभाषा, कबूल. पण शिक्कारि, हाक्किरि (स्पष्ट), युक्कुरि (सावकाश) हे मधे जोडाक्षर आणि शेवटी 'रि' अशा घडणीचे शब्द 'गिताइगो'त मोडतात. आवाज नसलेल्या गोष्टींची ढब ते सांगतात, आणि मोठी माणसं ते दिवसभर बोलतात. पदार्थ टेबलावर ठेवून वेटर म्हणतो, 'गोयुक्कुरि दोओझो', सावकाश होऊ द्या. संसदेत मंत्री उत्तर देतात तेव्हा 'शिक्कारितो तोरिकुमु', नेटानं काम करू, हे हमखास कानावर पडतं.

कंपनीच्या मेलमध्ये 'चान्तो' मात्र खरंच टाळा, ते बोलीतलं आहे. तिथे त्याच अर्थाचं 'किचिन्तो' लिहा. 'शिक्कारि' बिनधास्त लिहा.