आण्णांची उदबत्ती

आमच्या सांगलीत बेदाणा तयार झाला की कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन पडतो. माझा सव्वा लाखाचा कॉम्प्युटर मात्र विश्रामबागेत, वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली.

लग्नांचे व्हिडिओ एडिट करायला जुना टॉवर, म्हणजे उभ्या पेटीचा मोठा कॉम्प्युटर, काही वाईट नव्हता. पण त्याने अर्धं टेबल अडवलेलं आणि मला लहान कॉम्प्युटरचं वेड लागलेलं. सगळे भाग ज्यावर जोडायचे तो मदरबोर्ड १७ सेंटिमीटर लांब-रुंद, आणि बाहेरचा डबा, म्हणजे केस, १० लिटरची. आमच्या घरचा भडंगाचा डबा याहून मोठा आहे. त्या एवढ्याशा जागेत १४० वॅट खाणारा प्रोसेसर आणि २०० वॅट खाणारं ग्राफिक्स कार्ड पाठीला पाठ लावून बसवलं. खाल्लेल्या विजेची शेवटी उष्णताच होते, हे मी शाळेत शिकलो होतो. ऐन खरेदीच्या वेळी आठवलं नाही.

डिसेंबरात सगळं ठीक होतं. मग एप्रिल आला, खोली ३९ अंशांवर गेली. पंखा कितीही फिरला तरी खोलीतलीच हवा आत ढकलणार. खोली १५ अंशांनी तापली की आतलं सगळं साधारण तेवढंच वर सरकतं. रेंडर, म्हणजे एडिट केलेला व्हिडिओ पक्का तयार करायचं काम, लावला की पाच मिनिटांत प्रोसेसर ९५ अंश. तिथे पोचला की तो जिवाच्या भीतीने स्वतःच हळू चालायला लागतो. पंख्याचा आवाज असा, की आई खालून विचारायची, "दळण टाकलंस का रे?"

उपाय केले. प्रोसेसरची उष्णता वरच्या कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी लावायची असते. मी पोळीला तूप लावावं तशी लावली. पुसून पुन्हा लावली. बाजूचं झाकण काढून ठेवलं, तर संध्याकाळी पॉवर सप्लायवर पाल. आईने ओलं गोणपाट गुंडाळायला सांगितलं, माठासारखं. माठ पाझरला की पाणी गार होतं. मदरबोर्ड पाझरून चालत नाही, हे तिला पटवता पटवता मलाच घाम फुटला.

शेवटी आण्णा वर आले. तासगावकडे त्यांची द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. रॅकच्या जाळ्यांवर माल पसरून तो नुसत्या वाऱ्यावर वाळवण्यात हयात गेलेली. त्यांनी डब्याभोवती एक चक्कर मारली.

"वारा कुठनं येतोय ह्यात?"

"खालून येतो, वरून जातो."

"जातोय का बघितलंयस?"

बघितलं नव्हतं. आण्णांनी देवघरातून उदबत्ती आणली, पेटवली आणि डब्याच्या कडेकडेने फिरवायला लागले. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या काकू दारात आल्या. त्यांनी आधी आण्णांकडे बघितलं, मग हात जोडले आणि विचारलं, "नवीन घेतलाय होय? नारळ फोडला?"

धूर खालून आत गेला. वरूनही आतच गेला. आणि ग्राफिक्स कार्डाच्या बाजूने बाहेर पडलेला गरम झोत भिंतीवर आपटून वरच्या पंख्याने पुन्हा आत ओढला. वरचा पंखा मी उलटा बसवला होता. वारा कुठे जाणार हे दाखवणारा बाण त्याच्या कडेवर कोरलेला होता आणि चार महिने तो खाली बोट दाखवत होता.

"शेड भितीला चिकटवून कोण बांधतंय व्हय?" एवढंच म्हणून आण्णा खाली गेले.

पंखा उलटवला, डबा भिंतीपासून हातभर पुढे ओढला, प्रोसेसरला वॅटची मर्यादा घातली. आकडा ८१ वर थांबला. बारा मिनिटांचं काम आता तेराला होतं. तेवढ्यात चहा होतो.

परवा बघितलं तर डब्याच्या वर जाळीचा तुकडा आणि त्यावर द्राक्षांचे मूठभर मणी. हात लावायची सोय नाही. आणि आज सकाळी सातलाच आण्णा जिन्यात उभे.

"अजून सुरू केलं नाहीस? वारं थांबलंय."