पोरांचं वजन बघता, ताकद कधी बघणार?

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून एकच वाद पेटतो. कुठेतरी चाळिशीतला माणूस जिममध्ये कोसळतो, बातमी फिरते आणि दोन तट पडतात. एक म्हणतो, वजनं उचलायचा नादच नको, सकाळचं चालणं पुरे. दुसऱ्याची सगळी भिस्त प्रोटीनच्या डब्यावर. टोकियोत बसून हे वाचताना वाटतं, भांडण चाळिशीचं चाललंय, पण विषय दहा वर्षांच्या पोरांचा आहे.

इथे शाळेत वर्षातून एकदा मुलांची क्षमता मोजतात. मूठ आवळून पकडीचा जोर किलोत घेतात, मग सिट-अप्स, बसून पुढे वाकणं, आडव्या उड्या, 20 मीटरच्या अंतरात ये-जा करत धावायची शटल रन, 50 मीटर धाव, जागेवरून लांब उडी आणि चेंडूफेक. ऑलिंपिक इथे झालं त्या 1964 सालापासून देशभर ही मोजणी चालू आहे.

पकड मोजून काय कळतं? 17 देशांतल्या सुमारे 1 लाख 40 हजार प्रौढांच्या 'प्युअर' अभ्यासात, ज्यात भारतही होता, पकड 5 किलोने कमी असेल तिथे मृत्यूचा धोका साधारण 16 टक्के जास्त दिसला. रक्तदाबाच्या आकड्यापेक्षा पकडीवरून हा अंदाज बरा बांधता आला. नुसती मूठ आवळत बसल्याने आयुष्य वाढत नाही, हे सांगायला नकोच. अंगात एकूण स्नायू किती, याची ती खूण.

धमन्यांचंही मोजमाप इथे सर्रास होतं. दंडाला आणि घोट्याला पट्टे बांधून नाडीची लाट किती वेगाने पळते ते काढतात. धमनी जितकी ताठ, तितका वेग जास्त. सेकंदाला 18 मीटर म्हणजे धोका. धावताना रक्ताचा ओघ वाढतो, धमनीच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि ती सैलावते. हे वर्षानुवर्षं होत राहिलं तर ताठपणा उशिरा येतो. चरबीचे पहिले पट्टे मात्र धमनीत बालपणापासूनच उमटू लागतात.

आपल्याला तर हे स्नायूंचं गणित जास्तच लागू आहे, आणि ते दाखवून दिलं पुण्यानेच. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतलं बाळ सरासरी 2.7 किलोचं भरलं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं 3.5 किलोचं. कमी पडला तो मुख्यतः स्नायू. चरबी बरीचशी शाबूत होती. पुढे 2004 मध्ये त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटिश सहकाऱ्याबरोबरचा आपला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. चरबी सहकाऱ्याच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2! असं असताना आम्ही पोराला काट्यावर उभं करतो आणि "बारीकच आहे की" म्हणून निश्चिंत होतो.

शाळेत काय चालतं? पीटीचा तास गणिताच्या सरांना आंदण. खेळाचं महत्त्व आठवतं ते दहावीच्या वाढीव गुणांपुरतं. गृहपाठ राहिला की उठाबशा, दंगा केला की मैदानाला फेऱ्या. ज्या बैठकांवर आपल्या तालमी उभ्या राहिल्या, त्या आपण शिक्षा म्हणून वापरतो. मग मोठेपणी व्यायामाचा कंटाळा येतो याचं नवल कसलं? 'खेलो इंडिया'च्या चाचणीत पुश-अप्स आहेत, 600 मीटर धाव आहे. आराखडा चांगलाच आहे. पण माझ्या भाचीच्या शाळेचं मैदान गाड्या लावायला गेलंय, तिथे धावायचं कुठे?

इथे जपानमध्येही सगळं गोड नाही. पकडीत आणि चेंडूफेकीत आजची मुलं 1985 च्या सुमाराच्या मुलांच्या मागे आहेत. बागांमधून चेंडू खेळायला मनाई करणाऱ्या पाट्या दिसतात. वर्गासमोर आकडा कमी येणार म्हणून माझ्या लेकीने एकदा चाचणीच्या सकाळी पोटदुखीचं सोंगही केलं होतं. ही लाज टाळायला हवी, आकडा फक्त मुलाला आणि घरच्यांना कळावा. पण मुलं मागे पडताहेत हे इथे कळलं, ते मोजणं थांबवलं नाही म्हणून.

जागतिक आरोग्य संघटना मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं हालचाल सांगते, त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू-हाडं बळकट करणारी. मी हे ग्रुपवर टाकलं, तर दादाचं उत्तर आलं : आपल्याकडे मोजणी सुरू झाली की महिन्याभरात तिचेही क्लास निघतील. निघू देत. पोरं तिथे दंड-बैठका काढणार असतील, तर भाचीची फी मी भरते.