वरण ‘जाड’ कुणाच्या घरी होतं?

डोकं भणभणलंय, म्हणून लिहिते. लेकीचा घटक चाचणीचा मराठीचा पेपर आज घरी आला. अधोरेखित शब्दाचा विरुद्धार्थी शब्द लिहा. वाक्य होतं, ‘आज वरण पातळ झाले.’ पोरीनं लिहिलं, घट्ट. त्यावर लाल फुली, आणि बाजूला बाईंच्या अक्षरात ‘जाड’.

जाड! कापड जाड असतं, कागद जाड असतो, चष्म्याची काच जाड असते. वरण घट्ट असतं. भातावर वाढलं की ओघळत नाही, मधे तुपासाठी आळं करता येतं, ते घट्ट वरण. लेकराला हे पुस्तकातून नाही, ताटातून कळलंय.

फोन केला तर म्हणे, उत्तरसूचीत ‘जाड’ आहे. ठीक आहे, गठ्ठाभर पेपर तपासताना एकेका उत्तरावर विचार करत बसायला कुणाला वेळ असतो! पण मग वाक्य दिलं कशाला? अर्थ नक्की व्हावा म्हणूनच ना?

विरुद्धार्थी शब्द हा शब्दाचा नसतो हो, त्या जागी असलेल्या अर्थाचा असतो. गोकुळपेठच्या बाजारात भेंडीचं टोक मोडून बघा. कट्‌कन मोडलं तर कोवळी, नाहीतर निबर. सकाळचं ऊनही कोवळंच, पण ते निबर होत नाही, कडक होतं. आंबा कच्चा तर दुसरा पिकलेला, रस्ता कच्चा तर दुसरा पक्का, पोळी कच्ची तर दुसरी नीट भाजलेली. विधानसभेच्या यादीत नागपूर उत्तरसमोर नागपूर दक्षिण, पेपरात उत्तरासमोर प्रश्न, आणि उत्तरार्धासमोर पूर्वार्ध. तिथे ‘उत्तर’च्या उलट चक्क ‘पूर्व’! आणि माझी आजी नेसायची ते नऊवारी पातळ? त्याला विरुद्धार्थी शब्दच नाही. मोल्सवर्थ हा इंग्रज लष्करी अधिकारी, त्याच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात एकेका शब्दाखाली आकडे घालून अर्थ वेगळे केलेत. आपल्या गाईडवाल्यांना मात्र एका शब्दासमोर एकच शब्द छापायचा असतो.

बाईंवर राग नाही माझा, खरंच. त्यांच्याही घरी वरण घट्टच होत असणार. चूक दिसत असूनही सूची सोडायची मुभा त्यांना नसेल, तर त्या तरी काय करणार?

पण संध्याकाळी पोरगी कोपऱ्यात बसलेली दिसली. म्हटलं, काहून रडून राहिली गं? तर म्हणते, “आई, आता मी जाडच लिहीन.” तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. तिला बरोबर येत होतं, आणि आपण तिला ते सोडायला शिकवलं.

मग तिला जवळ घेऊन बसले. म्हटलं, शब्द ज्या वाक्यात आहे त्याच वाक्यात उलटा शब्द ठेव आणि मोठ्यानं वाच. ओझं जड, ओझं हलकं. जेवण जड, जेवण हलकं. जड सृष्टी, हलकी सृष्टी? तीच म्हणाली, “नाही, काहीतरी वेगळं.” चेतन सृष्टी. मग जोडी बघायची. उष्णला शीत, गरमला थंड. ‘शीत चहा’ कुणी मागतं का? चहाला थंडही चालतं, गारही चालतं, दोन्हीला गुण द्या ना! नुसता ‘जड’ देऊन पर्यायांत ‘हलका’ आणि ‘चेतन’ दोन्ही ठेवले, तर पोरांनी काय चिठ्ठ्या टाकायच्या?

माझ्या यादीत बरेच शिक्षक आहात, पेपर काढणारेही आहात. वाक्याशिवाय असा शब्द विचारू नका. आणि उत्तरसूची छापायला जायच्या आधी प्रत्येक उत्तर त्या वाक्यात घालून एकदा वाचा. दोन बसत असतील तर मधे ‘किंवा’ लिहा. मी सोमवारी शाळेत जाऊन तो गुण मागणार आहे. कुणी सोबत येत असेल तर सांगा.